पळापळ

(वाशीम. पूर ओसरल्यावरची बैठक. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक वैजयंती, त्यांच्या गावच्या मेहरबी आणि एक अधिकारी.)

अधिकारी : म्हणून अहवालात शब्द तोच राहील, मॅडम. पळापळ. धरणावरून कुणीतरी गावात फोन केला आणि लोक सैरावैरा धावले. यापुढे पाणी सोडताना फक्त आमच्या पथकाला कळवायचं, गावाला नाही.

वैजयंती : पथक वेळेवर पोचलं होतं?

अधिकारी : रस्ता पाण्याखाली होता.

वैजयंती : आणि गावात बुडालं कोण?

अधिकारी : सुदैवानं कुणीच नाही.

वैजयंती : या सुदैवाचा शोध घेण्यात माझी उभी हयात गेली, साहेब. भूकंप म्हणू नका, आग म्हणू नका, अहवालात हीच पळापळ. मी जाऊन एवढंच विचारते, पळाले कुणाकडं? चाची, या साहेबायले सांग बरं.

मेहरबी : पळाली ना मी! खोटं कायले बोलू? चप्पल एकीकडं, मी एकीकडं.

अधिकारी : बघा! टेकडीकडे ना?

मेहरबी : नाही जी. नाल्याकडं.

अधिकारी : पाण्याकडे?

मेहरबी : चंपाबाईचं घर तिकडंच हाये, विहाराच्या मांगं.

अधिकारी : मैत्रीण तुमची?

मेहरबी : तौबा! तिच्या बकरीनं माही मेथी खाल्ली, तवापासून आमची बोलचाल बंद.

अधिकारी : मग तिच्याकडेच का?

मेहरबी : तिले ऐकू येत नाही. साऱ्या गावानं बोंब मारली तरी तिले काय समजते? भाकरी थापून राह्यली होती. हात धरला त म्हणे, "भांडाले घरात घुसली!" तशीच ओढत आणली, पिठाच्या हातानं. वाटेत पाह्यतो त माणिकराव, या पोरीचा बाप, गल्लीतल्या जमशेदच्या म्हाताऱ्या मायले हातगाडीवर बसवून ढकलून राह्यले.

अधिकारी : वडिलांचं तुम्ही बोलला नाहीत, मॅडम.

वैजयंती : तुम्ही म्हणाला असता, बाईनं घरचाच नमुना घेतला. घरोघर विचारलंय मी. सैरावैरा कुणी धावलेलं सापडलं नाही.

मेहरबी : चंपाबाईची बकरी धावली ना. खरं ते सांगा.

अधिकारी : म्हणजे तो फोन आला नसता, तर…

वैजयंती : तर चंपाबाई चुलीपुढंच राहिली असती.

अधिकारी : ठीक आहे. खोडतो "पळापळ".

वैजयंती : खोडू नका. शब्द खरा आहे. त्याच्याआधी फक्त "एकमेकांकडे" लिहा.

अधिकारी : लिहिलं. आणि पुढच्या वेळी पहिला इशारा गावाला. मशीद आणि विहार, दोन्ही भोंग्यांवरून. सही करतो.

मेहरबी : आता रडतं कायले, बाई? जिंकली ना तू!

वैजयंती : रडत नाही, चाची. "पहिला इशारा गावाला", हे वाक्य ऐकायला किती जिल्हे पालथे घातले, अन् मिळालं कुठं, त वाशीमात!

अधिकारी : पण मेहरबी, सगळे धावतील ना नीट?

मेहरबी : भोंगा तुमी वाजवा जी. पळाचं आमी पाहून घेतो.