बेचाळीस नाही, त्रेचाळीस

बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस! सकाळपासून नऊ जण बोलले आणि नऊच्या नऊ जणांनी तोच आकडा सांगितला. नीलेश सरांनी बेचाळीस रानभाज्यांची यादी केली, तालुक्याच्या महोत्सवात प्रमाणपत्र मिळवलं, शाळेचं नाव झालं. टाळ्या मीसुद्धा वाजवल्या. पण त्या भाज्या बेचाळीस नाहीत, त्रेचाळीस आहेत. आणि या हॉलमध्ये ते दोघांना ठाऊक आहे. एक मी. दुसरे हार घालून समोर बसलेत.

हां, मिलिंद सर खुणा करतायत, आधी नावं घ्या म्हणून. घेते. अध्यक्षस्थानी बसलेले आमचे सरपंच कोंडाजीदादा, मुख्याध्यापक मिलिंद सर, बदली होऊन खालापूरला निघालेले आजचे सत्कारमूर्ती नीलेश सर, पोशीरहून चालत आलेल्या बायांनो, आणि मागे खुर्च्या वाजवणाऱ्या पोरांनो. मी चंद्रभागा. या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवते. शिक्षण चौथी. तेव्हा भारी शब्दांची वाट बघू नका.

सरांचं चांगलं आधी सांगते, कारण ते खरं आहे. स्वयंपाकाच्या खोलीत येऊन "बाई, हा पाला कुठला?" असं विचारणारा हा पहिला मास्तर. मी नावं सांगायची, सरांनी वहीत लिहायची. एकदा बांधावरून पाय घसरून सर कमरेपर्यंत चिखलात गेले. वही हातात उंच धरलेली, कोरडी ठणठणीत. चप्पल मात्र अजून तिथेच आहे. भातासोबत उगवेल कधीतरी!

आता मुद्दा. आपली रानमोहरी. एक बांधावर येते, ढिगाने. दुसरी येते ओढ्यात, रस्त्याच्या मोरीखालच्या दगडांत, फक्त तिथेच. पान सारखं, वास सारखा, चव दोन्हींची आळिवासारखी तिखट. पण शिजवली की बांधावरची कडू होते आणि ओढ्यातली होत नाही. महोत्सव असतो श्रावणात, म्हणून यादीही झाली श्रावणात. तेव्हा दोघींना ना फूल ना शेंग, नुसता पाला. मी म्हटलं, "सर, या दोन हायेत." सर म्हणाले, "चंद्रभागाबाई, पान बघा ना. एकच आहे." मी म्हटलं, "माझ्या दोन्ही जावांची साडी एकसारखी हाय, म्हणून काय जावा एक झाल्या? एकदा दोघींच्या हातचा चहा पिऊन बघा!"

हसू नका. धाकटी तिथे खांबाजवळ बसलीय.

सर हसले आणि एकच लिहिली. मग गेल्या पौषात मी दोन्ही मुळासकट आणून त्यांच्या टेबलावर खिचडीच्या ताटात ठेवल्या. बांधावरचीला बारीक पिवळी फुलं. ओढ्यातलीच्या फुलाला पाकळीच नाही, तरी शेंगांनी लगडलेली. बांधावरची शेंग आखूड, फुगीर. नखाने चिरली तर आत बियांच्या दोन ओळी. ओढ्यातली शेंग लांब, सुईसारखी, आणि आत एकच ओळ, प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशी. सरांनी प्रयोगशाळेतून भिंग आणलं. दहा मिनिटं बघत बसले. चहावर साय धरली. मग डोकं वर करून म्हणाले, "च्यायला."

मिलिंद सर, माफ करा, पण मास्तरांचा शब्द आहे, माझा नाही.

"यादी दुरुस्त करायला पाहिजे, बाई," म्हणाले. मी म्हटलं, "करा की." "बघू." त्या 'बघू'ला आता वर्ष झालं. मला कळतं हो. प्रमाणपत्र काचेत लावलंय, चूक झाली म्हणायला जीभ रेटत नाही. मीसुद्धा खिचडीत दोनदा मीठ पडलं तर आधी पोरांच्या जिभेला दोष देते.

पण आता सोमवारपासून मोरीखाली संरक्षक भिंत बांधणार आहेत. दगड काढणार, काँक्रीट ओतणार. मी कोंडाजीदादांकडे गेले. म्हटलं, "भिंत दहा हात वर सरकवा." दादा काय म्हणाले? "अगं, बांधावर ढीगभर हाय की ती! सरांच्या यादीत एकच लिवलीय, मी कुणाचं ऐकू?" दादा, मान हलवू नका, असंच म्हणालात. आणि हेही म्हणालात, "सरांनी लिहून दिलं तर सरकवतो." हे आता सगळ्यांनी ऐकलं.

उपटून दुसरीकडे लाव, असं कुणी सांगू नका. दोनदा लावली, दोनदा मेली. तिला वाहतं पाणी आणि दगडाची सावली लागते. माझा बांध तिला चालत नाही.

आज मसालेभाताबरोबर पुढच्या रांगेला दोन भाज्या वाढल्यात. ताटात डावीकडे बांधावरची, उजवीकडे ओढ्यातली, अगदी चमचाभर, तिच्यावर जास्त कात्री चालवायला माझा हात धजला नाही. दोन्ही एकच आहेत असं ज्याला वाटतं, त्याने डावीकडची पुन्हा मागून घ्यावी. भरपूर आहे.

मला माईक दिला, त्याबद्दल शाळेची आभारी आहे. कुणाला लागेल असं बोलले असेन तर पोटात घाला, वर जिलेबी आहेच. सर, खालापूरच्या पोरांना तुमच्यासारखा चिखलात उतरणारा मास्तर मिळतोय, ती पोरं नशीबवान.

पण शनिवारी तुम्ही इथून सुटणार आणि सोमवारी जेसीबी येणार. त्याआधी शुक्रवार आहे. शुक्रवारी खिचडी वाढून झाली की मी ऑफिसच्या पायरीवर बसते. शाळा सुटायच्या घंटेआधी मला उत्तर पाहिजे, तोंडी नको, कागदावर, खाली तुमची सही. एक आहे की दोन?