नकाशातली हापशी

चहा पाजा, पण माझ्यासमोर नकाशाचं नाव काढू नका.

भीमपूरकडं मास्तर होतो तवा शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढला. चुका गावानंच पटकन सुधाराव्या म्हणून चपलेच्या रबरातून घर, झाड, हापशी असे शिक्के कापून ठेवले. बघता बघता नकाशात घरोघरी हापशी!

सरपंचाला म्हणलं, "काऊन हो? गावात तर एकच हापशी हाय."

"नकाशात दिसली तं सरकार देईन ना, मास्तर!"

मग खोडायला फुलीचा शिक्का कापला. जो तो शेजाऱ्याची हापशी खोडून गेला. शेवटी शाळेसमोरच्या खऱ्या हापशीवरही फुली दिसली, अन् मी कावलो. "ही कोणी खोडली?"

नदीवरून पाण्याची घागर घेऊन चाललेली शेवंताबाई थांबली.

"म्या. उन्हाळ्यापासून थेंब नाही तिले. आता बरोबर झाला तुमचा नकाशा."