काळ्या गालावरची तीट

"वरच्या मजल्यावरची सुदानी बाळंतीण एकटी आहे, विचारपूस कर," असं आईनं बजावलं होतं. "काही वावगं बोलून बसेन," म्हणत रेवतीनं ते उडवून लावलं. आज लसीच्या रांगेत तीच बाळंतीण, हलीमा, बाळाला घेऊन पुढं होती आणि पिशोर गावच्या म्हाताऱ्या सारजाबाईंनी तिला गाठलं.

"लेकरू लई काळं गं तुझं! काजळाची तीट दिसंल कशी?"

रेवतीनं डोळेच मिटले.

"फिर क्या लगाऊँ, अम्मा?" हलीमानं विचारलं.

"पिठाची लाव. मीबी अशीच काळी. मायनं पिठाची लावली, सत्तर वर्षं कुणाची नजर लागली नाय. नवऱ्याचीबी नाय!"

हलीमा खळखळून हसली. "तीन महीने में पहली बार कोई मेरे से बात करा, अम्मा."

आता रेवतीच सांगते, तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी एकटं असेल, तर वावगं बोलायची भीती सोडा आणि आजच दार वाजवून बघा.