आत्याबाईंच्या टाचा

वसमतच्या बसस्थानकात, माघातल्या कोवळ्या उन्हात मिराबाईचे डोळे पेंगुळले होते. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं झोपेच्या काठाकाठानं तिच्या कानी येत होतं.

“मायला आनायला गेलो अन् रिकामे चाललो. मी बाहीर वृद्धाश्रमाच्या साहेबापाशी होतो, आत काय झालं?”

“आत्याबाईच्या टाचंच्या भेगा बुजल्या वो. आश्रमातली बाई रोज तेल चोळते म्हनं.”

“बरंच हाय की.”

“वीस वर्सं एका घरात ऱ्हायलो. मी त्यांचे पाय कधी पाहिलेच न्हाई.”

“सनासुदीला मायच्या पाया तर पडत होतीस.”

“डोळे मिटून पडायचे.”

“घरी चला म्हनलीस का पन?”

“म्हनले.”

“मंग?”

“लई मायेनं हात धरला माझा. म्हनल्या, ‘रानातली हळद काढायला मानसं मिळंनात व्हय, बाई?’”