डावा आरसा

(वजनकाट्याची केबिन. भर दुपार. बाहेर मालट्रकांची रांग.)

काटेवाला: बसा नाहीतर उभ्या राहा ताई, पण दारातून तेवढ्या बाजूला व्हा. काट्यावर गाडी चढतेय, मला चाकं दिसायला हवीत.

लेक: तुम्ही मला ओळखलं नाहीत वाटतं.

काटेवाला: ओळखलं. चौकीत समोरच्या बाकावर होतात, हाताला बँडेज. ओळखलं म्हणूनच बाजूला व्हा म्हणालो. बाहेर व्हा म्हणालो नाही.

टँकरवाला (काट्यावरच्या गाडीतून): काय उस्ताद! केबिनमध्ये पाहुणे? त्यांचंही वजन करणार की काय?

काटेवाला: तू आधी खाली उतर. तुझ्या पोटाचं वजन मालात धरायचं नाहीये मला. ही घे चिठ्ठी, आणि पळ. मागे बारा गाड्या खोळंबल्यात.

लेक: तुम्ही आता ट्रक चालवत नाही?

काटेवाला: लायसन्स जप्त आहे ना सहा महिने. परत मिळालं तरी चालवणार नाही म्हणा.

लेक: का?

काटेवाला: झोपणाऱ्या माणसानं स्टिअरिंगला हात लावू नये.

लेक: तुम्ही झोपला होतात?

काटेवाला: तुम्हीच तर सांगितलंत, ट्रक अचानक तुमच्या लेनमध्ये आला म्हणून. मला आठवतंय ते असं, की मी डाव्या लेनमध्ये नाकासमोर चाललो होतो. पण चौकीतले साहेब म्हणाले, अरे, जिचा बाप शेजारच्या सीटवर जागच्या जागी गेला ती बाई खोटं कशाला बोलेल? मलाही पटलं. म्हटलं, मग माझाच डोळा लागला असणार. केली सही. बावीस वर्षं गाडी चालवली, कुणाला ओरखडा नाही. आता घरी दुपारी पेंग आली तरी दचकून उठतो. बायको म्हणते, काय झालं? काय सांगू तिला?

लेक: ट्रक नव्हता आला.

काटेवाला: काय?

लेक: तुम्ही तुमच्याच लेनमध्ये होतात. मी आत घुसले.

काटेवाला: थांबा. ही खिडकी लावतो... हं. आता परत सांगा.

लेक: मी न बघता डावीकडे घेतली. इंडिकेटरसुद्धा दिला नाही.

काटेवाला: डावा आरसा नव्हता गाडीला?

लेक: होता. पण माझा डावा आरसा म्हणजे बाबा. त्यांनीच शिकवली मला गाडी. पहिल्या दिवसापासून ते शेजारी बसायचे, मान वळवून मागे बघायचे आणि म्हणायचे, "घे." मग मी घ्यायची. माझे केस पिकायला लागले तरी तेच. एकटी असले की मी लेनच बदलत नाही. एकदा वळणच घेता येईना, तर सरळ पुढच्या गावी जाऊन पोचले.

काटेवाला: हसू नये, पण...

लेक: हसा. तेही हसले होते.

काटेवाला: म्हणजे त्या दिवशी ते "घे" म्हणाले.

लेक: म्हणाले.

काटेवाला: मग चूक त्यांची झाली की! आणि तुम्ही गेलेल्या माणसावर ठपका नको म्हणून माझ्यावर टाकलीत. बापासाठी खोटं बोललात. वाईट झालं, पण समजतं मला.

लेक: असं समजू नका. मलाही असंच वाटून घ्यायचं होतं. दीड महिना वाटूनही घेतलं.

काटेवाला: मग?

लेक: त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लांबचं सगळं त्यांना दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. तुमचा ट्रकही पांढरा. ऑपरेशनची तारीख मीच दोनदा पुढे ढकलली होती, ऑफिसच्या कामापायी.

काटेवाला: आणि तरी त्यांना विचारत होतात?

लेक: विचारणं सोडलं असतं तर त्यांना कळलं असतं, की आपला आता उपयोग राहिला नाही. म्हणून मी विचारायची, "बाबा, घेऊ?" ते "घे" म्हणायचे. आणि मी गुपचूप आरशात बघून मगच घ्यायची. तीन महिने असं चाललं होतं.

काटेवाला: त्या दिवशी?

लेक: त्या दिवशी बघितलं नाही. त्यांच्या हातून पाण्याची बाटली सांडली, माझे कागद भिजले. मी बोलत सुटले. नको ते बोलले. हायवेवरून बाहेर पडायचा रस्ता जवळ आला तेव्हा रागातच विचारलं, "घेऊ?" त्यांनी मान वळवली आणि इतक्या हळू "घे" म्हणाले... मी रागात होते. घेतली.

काटेवाला: मला दिसले होते ते.

लेक: कोण, बाबा?

काटेवाला: काचेतून. थेट माझ्याकडे बघत होते. म्हणून तर मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. म्हटलं, म्हाताऱ्यानं आपल्याला बघितलंय, आता गाडी आत यायची नाही. हे मी चौकीत सांगितलं नाही. झोपलेल्या माणसाला कसं दिसलं, असं विचारलं असतं. नंतर वाटायला लागलं, तो चेहराही स्वप्नातलाच असेल.

लेक: चष्मा होता?

काटेवाला: गळ्यात. दोरीला अडकवलेला.

लेक: हो. तसाच असायचा.

काटेवाला: म्हणजे मी जागा होतो.

लेक: हो. तुम्ही जागे होतात.

काटेवाला: ...पाणी घ्या. ग्लास धुतलेला आहे. घ्या हो.

लेक: आधी तुम्ही घ्या.

काटेवाला: घेतो. त्या बाहेरच्याला जरा भोंगा वाजवू दे. मरत नाही तो.

लेक: मी सगळं लिहून आणलंय. इथून थेट चौकीत जातेय. त्याआधी तुम्ही वाचावं, म्हणून आले. माफी मागायला तोंड नाही मला.

काटेवाला: मी काय वाचणार? तुम्ही बोललात ना, पोचलं. माफीचं मला आज विचारू नका. आज मला नुसतं जागं राहू द्या... घरी कोण आहे तुमच्या?

लेक: आई.

काटेवाला: त्यांना हे माहीत आहे?

लेक: नाही.

काटेवाला: मग चौकी नंतर. आधी घरी जा. त्यांना हे कुणा हवालदाराच्या तोंडून कळायला नको.

लेक: ती रोज सकाळी उठली की आधी तुम्हाला शिव्या घालते, मग तोंड धुते. "तो मेला ट्रकवाला." त्या जोरावरच दिवस ढकलतेय ती. मी समोर बसून ऐकते. चहा ओतून देते तिला.

काटेवाला: मग उद्यापासून त्या शिव्या तुमच्या वाट्याला येतील. दुसरं काय.

लेक: नाही देणार ती मला शिवी. त्याचीच भीती वाटते.