नाल्याकाठची डुकरीण

(रायपूरच्या तेलीबांध्यातला जनावरांचा दवाखाना. टेबलावर जखमी कुत्रा.)

शर्मिष्ठा : काटेरी तारेनं इतकं खोल फाटत नाही, अच्युतभाऊ. हा सुळा लागलाय. डोकं धरा त्याचं, टाके घालते.

अच्युत : धरलं. भुऱ्या, हालू नको बेटा... रानडुकराचा आहे, डॉक्टर दीदी.

शर्मिष्ठा : म्हणजे कुत्रे सोडले होते.

अच्युत : सशावर. नवा रायपूरच्या मागे, नाल्याकडे. आमचे बाबा बी जात. बंदूक नाही, फास नाही. कुत्रा धावते, ससा धावते. त्यात गुन्हा काय?

शर्मिष्ठा : बंदुकीनं केली काय, कुत्र्यानं केली काय, कायद्यात शिकारच ती. तुमची मजा होते, सशाचा जीव जातो.

अच्युत : आज ससा निघालाच नाही. झुडपातून डुकरीण निघाली. संगं पिल्लं. अन् आमच्या कुत्र्यांनी घेरलं तिले.

शर्मिष्ठा : पळाली नाही?

अच्युत : मले वाटलं, पळते आता. पण ते नाल्याच्या काठावर आडवी उभी राहिली. मागून पिल्लं पाण्यात उतरून राहिली, अन् हे कुत्र्यांकडे तोंड करून. कान फाटला, मांडीचा लचका गेला, जागची हालली नाही. भुऱ्या पिल्लाकडे वळला, तेव्हाच उडवलं त्याले. मग पुन्हा आपल्या जागेवर.

शर्मिष्ठा : आणि तुम्ही?

अच्युत : हातात काठी होती, दीदी. उचलाचं सुचलंच नाही. महामायेच्या आरतीत उभा राहतो ना, तसा उभा होतो. अंगावर काटा. मग भान आलं, अन् ओरडून ओरडून कुत्रे मागे घेतले.

शर्मिष्ठा : जगेल ती?

अच्युत : पाय ओढत गेली. रक्त लय होतं.

शर्मिष्ठा : वनविभागाची माणसं शोधतील, औषध करतील. पण जागा तुम्हालाच ठाऊक. दाखवलीत तर केस तुमच्यावरच होईल.

अच्युत : भुऱ्या वाचते का?

शर्मिष्ठा : वाचेल.

अच्युत : मग लावा फोन.

शर्मिष्ठा : घरी विचारून घ्या. जेलपर्यंत जाऊ शकतं हे.

अच्युत : हव, समजलं मले. मीच नेतो त्यांले. फक्त सांगून ठेवा, जीप दूर उभी करा म्हणा. पोट्टे लहान आहेत तिचे.