फाटकावरचा लाल दिवा

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, समितीचे सगळे सभासद, खुर्ची मिळालेले आणि भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे शेजारी, माझा मुलगा, माझी सून, आणि जिच्यासाठी हा सगळा थाट मांडलाय ती माझी नात, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझी शाळा चौथीतच सुटली, पण दोनच्या पुढे मोजता येतं, त्यामुळे शब्द जरा जास्त होतील. तो माईक खाली करा बरं कोणीतरी. हां, आता ठीक.

मघापासून तुम्ही माझ्या नातीला "इंजिनिअर मॅडम" म्हणताय. घरात तिला ठिणगी म्हणतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती तारांना डाग द्यायची, धूर निघायचा, आणि सूनबाई ओरडायची, "अगं, मी भाजी चिरायची कुठे?" टेबलावर काड्यापेटीएवढ्या हिरव्या पट्ट्या, रंगीत तारा, आणि साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा. तो डबा म्हणजे कार्ड वाचणारा. त्याच्यावर कार्ड धरलं की तो बीप करायचा, आणि बीप केलं की लॅपटॉपवरच्या वेबपानाला कळायचं की कोणाचं कार्ड आहे. ठिणगीला पहिल्यांदा ते जमलं तेव्हा तिने माझं वाचनालयाचं कार्ड त्यावर धरलं होतं. पानावर मोठ्या अक्षरांत उमटलं, "आजी आली."

मी म्हटलं, "मी तर इथेच बसलेय. आले कुठून?"

ती म्हणाली, "आजी, तुला विनोद कळत नाही."

आता कळतो. सांगते पुढे.

त्या दिवशी मी तिच्या शेजारीच बसले होते म्हणून एक गोष्ट पाहिली, ती तुम्हालाही सांगून ठेवते, कारण माझं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे. ते वेबपान त्या डब्याशी आपणहून बोलत नाही. आधी पडद्यावर एक चौकट येते आणि विचारते, "हे पान या यंत्राला जोडू का?" माणसाने स्वतःच्या बोटाने हो म्हटल्याशिवाय ते जोडतच नाही. मी विचारलं, "एवढा मानपान कशाला?" तर ठिणगी म्हणाली, "आजी, कोणाच्या नकळत कोणत्याही पानाने कोणत्याही यंत्राला हात लावू नये, म्हणून. ब्राउझरचा नियमच आहे तो." मी म्हटलं, "शहाणा आहे तुझा ब्राउझर. तुझ्या बापापेक्षा."

हसू नका, बाप समोरच बसलाय. आणि तू, तो फोन उलटा ठेव. आत्ता कोणी तुझी परवानगी मागत नाहीये.

तर समितीला हे खेळणं आवडलं. आवडणारच. फाटकावर डबा बसला, दाराला विजेचं कुलूप बसलं, खालच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की आपलं फाटक आता वेबवर आहे. फाटक इथेच आहे हो, त्याचं डोकं तेवढं वेबवर गेलं. कार्ड धरलं की हिरवा दिवा, एक लांब बीप, आतून खट्, आणि माणूस बाहेर. छान होतं. मीही रोज बाहेर जायची. समोर शिलाई मशीन दुरुस्त करणारीचं दुकान होतं. आमची मैत्री जुनी. बसायचं, चहा प्यायचा आणि भांडायचं, एवढंच काम.

मग एकदा मी तिच्याकडे बसले आणि अंधार पडला तरी उठले नाही. फोन घरी राहिला होता. तुम्ही सगळे टॉर्च घेऊन शोधायला निघालात. मी कुठे सापडले? दुकानातच, अर्ध्या शटरच्या आत, एका गिऱ्हाइकाला दोरा कसा ओवायचा ते शिकवत होते. हरवले नव्हते. पण तुमच्या लेखी हरवले. दुसऱ्याच दिवशी मुलगा ठिणगीला म्हणाला, "एक छोटी गोष्ट घालता येईल का गं त्यात?"

ती छोटी गोष्ट अशी, की या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसाने कार्ड धरलं की लाल दिवा लागणार आणि दोनदा बीप होणार. मग त्याच्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या फोनवर निरोप जाणार, "आई बाहेर जायला मागते." तिकडून हो आलं तरच हिरवा. समितीने टाळ्या वाजवल्या. सुरक्षिततेसाठी, म्हणाले. ठिणगी मला हळूच म्हणाली, "आजी, चार ओळी घातल्यात फक्त. कधीही काढता येतील." मी म्हटलं, "घालतानाच विचारायचं होतं." बापाला नाही म्हणायचं वय नव्हतं तिचं, आणि मला गप्प बसायचं राहिलं नव्हतं.

आणि मग हळूहळू एकेक वाट बंद झाली. आतून दाबायचं एक बटण होतं, म्हातारी माणसं ते दाबतात म्हणून काढलं. रखवालदार ओळखीचा होता, मशीन आलं म्हणून त्याला रजा दिली. वीज गेली की कुलूप आपोआप सुटायचं. या इमारतीत वीज गेल्यावर खूश होणारी मी एकटीच होते, पिशवी घेऊन तयार बसायची. ते कोणाच्या तरी लक्षात आलं आणि कुलपाला बॅटरी बसली. एखाद्याच्या मागोमाग सटकावं, तर जिन्यात सूचना लागली, आपल्या कार्डावर ज्येष्ठांना बाहेर सोडू नये. ज्येष्ठ म्हणजे मी. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगते, नाहीतर घरी गेल्यावर सूनबाई दोन दिवस तेच ऐकवील. काळजीनेच करतो सगळं. पण त्याची मीटिंग चालू असली की फोन खिशात, आणि तोवर मी फाटकाजवळच्या बाकावर. येणारा-जाणारा म्हणतो, "काय आजी, हवा खाताय?" कसली हवा? परवानगीची वाट बघतेय.

आता अध्यक्षांची गोष्ट. त्यांना राग येणार नाही, मोठ्या मनाचे आहेत, तसं मघाशीच पाहुण्यांनी सांगितलं. त्यांना नीटनेटकेपणा फार. एका सकाळी ऑफिसात आले आणि म्हणाले, "कॉम्प्युटरवर इतकी पानं उघडी कशाला?" आणि सगळी बंद केली. त्यांतच फाटकाचं डोकं होतं. पान बंद, तर डब्याचं ऐकणारं कोणी नाही, तर कोणाचंच कार्ड चालेना. दिवासुद्धा लागेना. ऑफिसला निघालेले, शाळेला निघालेले, दवाखान्याला निघालेले, सगळे खाली जमले. मी बाकावरच होते. ठिणगी नोकरीच्या मुलाखतीला गावाबाहेर. तिने फोनवर अध्यक्षांना सांगितलं, "काका, पान उघडा, जोडा असं लिहिलंय ते दाबा, चौकट आली की हो म्हणा."

काकांनी पान उघडलं, जोडा दाबलं, चौकट आली, आणि काकांनी नको दाबलं.

"काका, हो दाबा!"

"अगं, पण ते यंत्राला जोडू का विचारतंय. बँकेने सांगितलंय, अनोळखी प्रश्नाला हो म्हणायचं नाही."

परत चौकट, परत नको. इकडे पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई गज धरून ओरडतायत, "हे काय चाललंय? आम्हाला कोंडून ठेवलंय का? माणसं आहोत की कोण?" माझा मुलगा घाम पुसतोय. मी बाकावर सरकले आणि म्हटलं, "या, बसा. सवय होते."

कोणी बसलं नाही. शेवटी ठिणगीने फोनवरून शप्पथ घातली तेव्हा काकांनी डोळे मिटून हो दाबलं. खट् झालं, आणि सगळे असे पळाले की विचारू नका. मी उठून कार्ड धरलं. लाल.

त्या दिवसानंतर काही बदललं का? बदललं ना. कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली, हे पान बंद करू नये. बटणही परत लावलं, काचेच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली अध्यक्षांकडे. तुम्ही थोडा वेळ अडकलात तर एवढी व्यवस्था झाली. मी रोज अडकते, त्याचं नाव सुरक्षितता.

आता जे सांगते ते घरीही सांगितलेलं नाही. समोरच्या शिलाई मशीनवालीला तिचा मुलगा कायमचा त्याच्या घरी घेऊन गेला ना, त्या दुपारी मी फाटकापाशी होते. सामान भरलेली गाडी समोर उभी. ती मशीनचं डोकं मांडीवर घेऊन पुढे बसलेली, ते दुसऱ्या कोणाला धरू देत नव्हती. मी कार्ड धरलं, लाल. परत धरलं, परत लाल. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "आजी, माफ करा हं, नियम आहे," आणि अंग चोरून बाहेर पडल्या. दार मागे लागलं. मी गजांतून हाक मारली, पण रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि त्याचं इंजिन चालू. गाडी निघाली. तिने हात केला की नाही, मला दिसलं नाही.

मी वर गेले आणि कपडे वाळत घातले. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, मी तर हो केलं होतं की. मग गेली का नाहीस?"

कुठे जायचं होतं, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगितलं.

बसा, बसा, अध्यक्ष महाशय, संपवतेच आहे. आणि डॉक्टरीणबाई, तुम्ही डोळे पुसू नका, तुम्ही नियम पाळला. नियम कोणाचा, एवढंच बघायचंय.

ठिणगी परवा दूरच्या शहरात नोकरीला जाणार. तिचं कौतुक तुम्ही केलंत, मी आणखी काय करू? हुशार आहे, डाग देताना बोटं भाजली तरी ओरडत नाही, आणि माझ्याशी भांडते, हे सगळ्यात चांगलं. पण ती गेल्यावर त्या चार ओळी कुठे आहेत हे या इमारतीत कोणालाही कळणार नाही. एक पान उघडायला केवढा घाम गाळलात ते मी पाहिलंय. म्हणजे आज नाही निघाल्या, तर मी आहे तोवर त्या आहेत.

माझं मागणं मोठं नाही. तुमचा तो ब्राउझर एका डब्याला हात लावायच्या आधी माणसाला विचारतो. तसं प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्याला मुलाने हो म्हटल्यावरच बाहेर पडायचंय, त्याचा लाल दिवा राहू दे, सुखाने राहू दे. मला नको. हे मी माझ्या तोंडाने, माझ्या माणसांसमोर आणि माईकवर सांगतेय.

ठिणगे, लॅपटॉप पिशवीत आहे ना? तू लग्नालाही नेतेस तो. काढ. बापाकडे काय बघतेस? त्याच्याकडे बघूनच घातल्या होत्यास, आता माझ्याकडे बघून काढ.

अरे, तू उठलास कशाला? बस. हो म्हणायला उठला असशील तरी बस. तुझं हो मला नकोच आहे, तेच तर मघापासून सांगतेय.

असो. समितीने मला इथे उभं केलं त्याबद्दल आभार. पाहुणे एवढे लांबून आले आणि घड्याळाकडे एकदाच बघितलं, त्यांचेही आभार. चहा केलाय त्यांचे, खुर्च्या मांडल्यात त्यांचे आणि माईक खाली केला त्याचे आभार. चौथीतल्या बाईच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर पदरात घ्या.

आता मी इथून उतरते आणि सरळ फाटकापाशी जाते. खिडक्या उघड्या आहेत, बीप तुम्हाला इथे बसूनही ऐकू येईल. एकदा लांब वाजलं, तर चहा घ्या आणि माझ्या नातीला हसून निरोप द्या, मी थोडं चालून येते. दोनदा वाजलं, तर मी परत येईन आणि भाषण पुढे चालू करीन. सगळं बोलून होईपर्यंत कोणीही उठायचं नाही.